सिनेटरची खतावणी

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात लाल कापडी बांधणीची एक लांबट वही आहे. सासऱ्यांच्या कराडच्या भुसार दुकानातली. दुकान बंद झालं तेव्हा कोऱ्या राहिलेल्या चार वह्या मी इकडे अमेरिकेत घेऊन आले. तीन वह्या मुलांनी चित्रं काढून संपवल्या. चौथीच्या पहिल्या पानावर 'श्री' आहे, दुसऱ्या पानावर 'कोरी बुकर यांचे खाते' आणि मध्याच्या पुढे 'अँडी किम यांचे खाते'. हे दोघे अमेरिकेच्या सिनेटमधले आमच्या न्यू जर्सी राज्याचे सिनेटर.

आमचे हे या वहीला हसतात. पण लग्नाआधी पाच वर्षं मी पतसंस्थेत किर्द-खतावणी लिहिली आहे आणि आता एडिसनमध्ये छोट्या दुकानदारांचे हिशेब बघते. माणसाचं बोलणं आणि माणसाचं खातं या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे मला कोणी नव्यानं शिकवायला नको. नागरिक झाल्यावर पहिल्यांदा मत द्यायची वेळ आली, तेव्हा समोरच्या उमेदवाराचं मला फक्त बोलणं माहीत होतं. खातं उघडायला तिथूनच सुरुवात झाली. भिशीतल्या मैत्रिणी विचारतात, हे करतेस कसं? म्हणून लिहिते आहे. उदाहरणं न्यू जर्सीची आहेत, कारण माझी वही तिथली आहे. बाकीच्या राज्यांत माणसं बदलतील, कागद तेच राहतील.

आधी एक घोळ मिटवू. दारात पडलेल्या पत्रकावर नुसतं 'सिनेटर' लिहिलेलं असतं. न्यू जर्सीची स्वतःची सिनेट आहे, ट्रेंटनला, चाळीस जणांची. घरपट्टीतली सवलत, शाळांचं अनुदान, एनजे ट्रान्झिट या राज्याच्या बस-रेल्वे सेवेचा निधी हे सगळं त्यांच्याकडचं. व्हिसा, सोशल सिक्युरिटी, परराष्ट्र धोरण हे वॉशिंग्टनच्या सिनेटचं, आणि तिथे प्रत्येक राज्याचे दोनच. घरपट्टी कमी करीन असं वॉशिंग्टनला निघालेला उमेदवार म्हणाला, तर ते वचन लिहून घेण्याच्या लायकीचंच नाही. ज्याच्या हातात किल्ली नाही त्याला कुलपाचं काय विचारायचं?

माणूस कोण

पूर्वपीठिकेवर अर्ध्या तासाहून जास्त वेळ घालवू नका. काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची, एक अधिकृत चरित्रसूची आहे, 'बायोगाइड' म्हणतात तिला. दहा-बारा ओळींत जन्म, शिक्षण आणि पदं सनांसकट मिळतात. विशेषणं नसतात, म्हणून मला ती आवडते. बुकर : जन्म १९६९, बालपण हॅरिंग्टन पार्कमध्ये, १९९८ मध्ये नेवार्कचे नगरसेवक, २००२ ला महापौरपदाची निवडणूक हरले, २००६ ला जिंकले, ऑक्टोबर २०१३ च्या पोटनिवडणुकीतून सिनेटमध्ये. किम : जन्म १९८२, दक्षिण जर्सीत वाढले, परराष्ट्र खातं आणि ओबामांच्या काळात राष्ट्रीय सुरक्षा परिषद, २०१८ ला हाउसमध्ये (काँग्रेसचं दुसरं सभागृह), २०२४ ला सिनेटमध्ये. दोघेही ऱ्होड्स स्कॉलर, म्हणजे ऑक्सफर्डची नावाजलेली शिष्यवृत्ती मिळवलेले. म्हणजे शिक्षणाच्या रकान्यात आम्हा न्यू जर्सीकरांना तुलना करण्यासारखं काही शिल्लकच राहत नाही.

या सनांचा उपयोग एवढाच, की जुने कागद कुठे शोधायचे ते कळतं. बुकर यांनी सात वर्षं शहर चालवलं, तेव्हा नेवार्कचं अंदाजपत्रक आणि पोलीस खातं हेही त्यांच्या खात्यात येतं. किम यांचं सिनेटमधलं पान अजून पातळ आहे, पण हाउसमधल्या तीन कारकिर्दींची मतं नोंदलेली आहेत. ती न बघता 'नवीन माणूस आहे, बघू' म्हणणं हा आळस.

जो कागद बहुतेक जण उघडत नाहीत तो मालमत्तेच्या विवरणाचा. प्रत्येक सिनेटरला दर वर्षी १५ मेपर्यंत तो भरावा लागतो. मुदतवाढ घेतली की उशिरा येतो. सिनेटच्या 'ईएफडी' संकेतस्थळावर जा. आत शिरण्याआधी एक चौकोन येतो : ही माहिती व्यापारासाठी किंवा कोणाची पत ठरवण्यासाठी वापरणार नाही, असं कबूल करा. खूण केली की नावाने शोधता येतं. आकडे नेमके नसतात, पट्टे असतात : १,००१ ते १५,००० डॉलर, १५,००१ ते ५०,००० डॉलर, असे. त्यामुळे बेरीज मारून 'एवढ्या लाखांचा मालक' म्हणू नका. मी तीनच गोष्टी बघते : कर्ज कोणाचं आहे, जोडीदाराची मिळकत कुठून येते आणि गेल्या वर्षीच्या तुलनेत काय नवं आलं. शेअरची खरेदी-विक्री १,००० डॉलरच्या वर गेली, तर ती २०१२ च्या कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत वेगळी कळवावी लागते. तेही तिथेच दिसतं.

विवरण भरलंय म्हणजे सगळं आलबेल, असं मात्र नाही. आमचे आधीचे सिनेटर बॉब मेनेंडेझ दर वर्षी विवरण भरतच होते. जून २०२२ मध्ये एफबीआयने घराची झडती घेतली तेव्हा ४,८०,००० डॉलरहून जास्त रोकड आणि सोन्याच्या चिपा निघाल्या. जुलै २०२४ मध्ये ज्यूरीने सर्व १६ आरोपांत दोषी धरलं आणि ऑगस्टमध्ये त्यांनी राजीनामा दिला. पतसंस्थेतही असंच होतं. ऑडिट कागदांचं होतं, कपाटाचं नाही.

वचन लिहून घेणे

वचन त्याच दिवशी, त्याच शब्दांत लिहायचं. मागाहून आठवून लिहिलेलं वचन आपल्या सोयीचं होतं. मी डावीकडे तारीख आणि जागा लिहिते (सभा, वादविवाद, टपालातलं पत्रक, संकेतस्थळ) आणि उजवीकडे वाक्य, इंग्रजी असेल तसंच. मग क्रियापदाखाली रेघ मारते. सगळा खेळ क्रियापदाचा आहे. 'लढत राहीन', 'आवाज उठवीन', 'तुमच्या पाठीशी आहे' : ही क्रियापदं तागडीत बसत नाहीत, त्यांच्यासमोर मी 'साखर' असं लिहिते. 'बिल (विधेयक) मांडीन', 'विरोधात मत देईन', 'घेणार नाही' : ही तोलता येतात. पूर्ण पानभर भाषण ऐकल्यावर तोलता येणारी दोन-तीनच वाक्यं हाती लागतात. निराश होऊ नका, तेवढी पुरतात.

वचनं राहतात प्रचाराच्या संकेतस्थळावर. सरकारी संकेतस्थळ, म्हणजे 'सिनेट डॉट गव्ह'वालं, वेगळं असतं आणि तिथे प्रचार करायला मनाई आहे. प्रचाराचं पान बदलत राहतं. जूनच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, पक्षातल्या कट्टर लोकांना आवडेल ते, ऑक्टोबरात मधल्यांना. म्हणून दोनदा जतन करा, प्रायमरीआधी आणि ऑक्टोबरात. 'वेबॅक मशीन' या जुनी पानं साठवणाऱ्या संकेतस्थळावर पानाचा पत्ता टाकून 'सेव्ह पेज नाऊ' दाबलं की त्या तारखेची प्रत कायमची राहते. जुनं हवं असेल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही २००० पासून उमेदवारांची संकेतस्थळं साठवली आहेत. सरकारी पानांच्या बाबतीतही गाफील राहू नका. सिनेटर गेला की त्याचं पान जातं आणि पत्रकंही जातात.

आता एक तोललेलं वचन दाखवते. फेब्रुवारी २०१८ मध्ये बुकर यांनी जाहीर केलं, की यापुढे कंपन्यांच्या पॅककडून, म्हणजे कंपन्यांनी चालवलेल्या निवडणूक निधी समित्यांकडून, देणगी घेणार नाही. क्रियापद 'घेणार नाही'. तारीख आहे, मोजता येतं. 'एफईसी डॉट गव्ह', म्हणजे केंद्रीय निवडणूक आयोगाचं संकेतस्थळ, उघडा, उमेदवाराचं नाव टाका, 'रेझिंग'मध्ये जा आणि 'अदर कमिटी काँट्रिब्यूशन्स'वर टिचकी मारा. समित्यांची यादी येते. यादी दिसली म्हणून लगेच 'पकडला!' म्हणू नका. प्रत्येक समितीच्या नोंदणीत ती कोणाची आहे हे लिहिलेलं असतं : कंपनी, कामगार संघटना, व्यापारी संघ की सदस्यांची संस्था. वचन कंपनीच्या समितीपुरतं आहे. कामगार संघटनेच्या समितीचे पैसे घेतले तर वचन मोडलं नाही. व्यापारी संघाचे घेतले तर शब्द मोडला नाही, पण माझ्या वहीत तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह पडतं, कारण त्या संघात कंपन्याच असतात. प्रश्नचिन्ह ही सुद्धा नोंदच आहे.

त्याच ठिकाणी व्यक्तींच्या देणग्या, नाव, गाव, नोकरी यांसकट दिसतात. एका उमेदवाराला दोनशे डॉलरच्या वर दिले की नाव येतंच. आणि ॲक्टब्लूसारख्या मधल्या समितीतून दिले तर पंचवीस डॉलरचीही नोंद होते. मी शोधत होते सिनेटरचे देणगीदार आणि सापडले आमचेच हे, २५ डॉलर, मला न सांगता दिलेले. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देणग्या बघत बसू नका, फार वेळ जातो आणि देवळात भेटल्यावर तोंडावर दिसतं. 'अमुक कंपनीने सिनेटरला इतके लाख दिले' अशी बातमी वाचाल, तेव्हा हे लक्षात ठेवा : उमेदवाराला कंपनीला थेट देताच येत नाही. बहुतेकदा तो आकडा तिथल्या नोकरदारांनी आपापल्या खिशातून दिलेल्या रकमांची बेरीज आणि कंपनीच्या समितीची रक्कम मिळून झालेला असतो.

आणि हे ठळक समजा : एच-वन व्हिसावर असाल तर एक डॉलरही द्यायचा नाही. बेकायदा आहे. ग्रीन कार्ड असेल तर देता येतो. वही मात्र कोणीही ठेवू शकतं.

काम कुठे दिसतं

'काँग्रेस डॉट गव्ह'वर सिनेटरचं पान उघडा. डावीकडे गाळण्या आहेत. 'स्पॉन्सर्ड' म्हणजे स्वतः मांडलेली बिलं, 'कोस्पॉन्सर्ड' म्हणजे दुसऱ्याच्या बिलावर नाव घातलेली. प्राधान्य काय आहे ते भाषणातून विचारू नका, या यादीतून विचारा. एकच विषय वर्षानुवर्षं परत येत असेल तर ती तळमळ खरी. बुकर यांचं लहान मुलांच्या नावे सरकारी बचत खातं उघडण्याचं बिल, लोक ज्याला 'बेबी बॉण्ड्स' म्हणतात, २०१८ पासून पुन्हा पुन्हा येतंय. पास झालं नाही. तरी माझ्या वहीत ते जमा बाजूला आहे, कारण बिल मांडणं त्यांच्या हातात होतं आणि ते त्यांनी केलं. शंभर जणांच्या सभागृहात बिल पास करणं एकाच्या हातात नसतं. जे हातात होतं तेवढंच तोलायचं.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी पडले होते. काँग्रेस दोन वर्षांची असते. ११९ वी ३ जानेवारी २०२५ ला सुरू झाली. दोन वर्षं संपली की पास न झालेली सगळी बिलं मरतात. तेच बिल पुढच्या काँग्रेसमध्ये आलं तर नवा नंबर घेऊन येतं. मी मेलेल्या नंबरावर चार महिने 'अलर्ट' लावून बसले होते आणि सिनेटर झोपलेत म्हणून मनातल्या मनात चिडत होते. नंबराबरोबर बिलाचं नावही लिहा.

सहप्रायोजकाच्या नावापेक्षा तारीख जास्त बोलते. बिल आलं त्याच दिवशी नाव घातलं असेल तर आतल्या गोटातला माणूस. आठ महिन्यांनी घातलं असेल तर कोणीतरी मागे लागलं होतं. तेही वाईट नाही. आपल्याला कळतं की मागे लागून उपयोग होतो.

स्थानिक कामांसाठी एक छोटी वाट. पूल, दवाखाना, पाण्याची टाकी यांसाठी सिनेटर केंद्राकडे रक्कम मागतात आणि ती यादी त्यांना संकेतस्थळावर टाकावीच लागते. पण मागितले आणि मिळाले हे दोन वेगळे रकाने करा. २०२५ च्या आर्थिक वर्षासाठी मागण्यांची पत्रकं झोकात निघाली. शेवटी काँग्रेसने जुनीच तरतूद वर्षभर पुढे ओढली आणि त्या मागण्यांना काही मिळालं नाही. पत्रकं अजून लोकांच्या फ्रिजवर आहेत.

मत, आणि मताआडचं

सगळ्यात जास्त फसगत मतांत होते. मी फसले ती तारीख वहीत आहे : ७ फेब्रुवारी २०२४.

त्या दिवशी सीमा सुरक्षेच्या दोन्ही पक्षांनी मिळून केलेल्या मसुद्यावर सिनेटमध्ये मत झालं. पुढे सरकायला ६० लागत होती, ४९ विरुद्ध ५० झालं. यादीत विरोध करणाऱ्यांत तेव्हाचे सिनेटमधले बहुमताचे नेते चक शुमर! म्हणजे जे तो मसुदा रेटत होते तेच. क्वीन्सच्या नणंदेने व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि मी तसंच भिशीच्या ग्रुपवर ढकललं, वर दोन लाल तोंडं लावून. रात्री नियम वाचला तेव्हा कळलं. हरलेला प्रस्ताव पुन्हा मतास आणायची मागणी हरलेल्या बाजूला मत देणारा करू शकत नाही, जिंकलेल्या बाजूचा करू शकतो. म्हणून हार दिसली की पुढारी मुद्दाम मत फिरवून त्या बाजूला जाऊन बसतो. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर दुरुस्ती टाकावी लागली. तिला कोणी अंगठासुद्धा दिला नाही.

गंमत पुढे आहे. सिनेटच्या यादीत त्या मतासमोर बिलाचा नंबर आहे एचआर ८१५. ते बिल शोधलंत तर मूळ विषय निघतो माजी सैनिकांच्या तातडीच्या उपचारांचा. हाउसमधून आलेलं जुनं बिल कवचासारखं वापरायचं आणि आतला मजकूर बदलायचा, ही तिथली नेहमीची रीत. नुसता नंबर बघून 'हा सैनिकांच्या विरोधात गेला' म्हणणारे किती तरी निघतील. म्हणून मताच्या पानावर 'क्वेश्चन' ही ओळ आधी वाचा. मत बिलावर आहे की चर्चा सुरू करण्यावर, चर्चा थांबवण्यावर, की दुरुस्तीवर, ते तिथे लिहिलेलं असतं.

मग २३ मे २०२४. सीमेचा तोच मजकूर, स्वतंत्र बिल म्हणून. ४३ विरुद्ध ५०, पुन्हा पडलं. बुकर यांनी फेब्रुवारीत बाजूने मत दिलं होतं, मे महिन्यात विरोधात. कोलांटी? त्यांचं म्हणणं, फेब्रुवारीच्या गाठोड्यात परदेशी आणि मानवतावादी मदतही होती, मे महिन्यात फक्त सीमा उरली. मी दोन्ही मतं लिहिली, खाली त्यांचं कारण लिहिलं आणि कारण पटलं की नाही यासाठी वेगळा रकाना ठेवला. तो माझा. नोंद आणि मत एकाच शाईने लिहू नका.

आणि कधी कधी मतच नसतं. आपल्या घराघरातला विषय घ्या, ग्रीन कार्डाची रांग. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. ही मर्यादा उठवणारं बिल हाउसने १० जुलै २०१९ ला ३६५ विरुद्ध ६५ ने पास केलं. सिनेटमध्ये तसंच बिल होतं सिनेटर माइक ली यांचं, एस ३८६. सिनेटर डिक डर्बिन यांनी हरकत घेऊन ते अडवलं, मग त्या दोघांत तडजोड झाली, आणि २ डिसेंबर २०२० ला सिनेटने ते पास केलं. आता तुम्ही मतांच्या यादीत जाऊन आपल्या सिनेटरने काय केलं ते शोधा. नाही सापडणार. ते 'युनॅनिमस कन्सेंट'ने, म्हणजे सर्वसंमतीने, पास झालं. सभागृह चालवणारे विचारतात, कोणाची हरकत? सगळे गप्प, आणि झालं. शंभर जणांपैकी प्रत्येकजण नंतर म्हणू शकतो की मी बाजूने होतो. हाउसचा आणि सिनेटचा मजकूर जुळला नाही, महिन्याभरात काँग्रेस संपली, बिल मेलं.

अशा वेळी तीन ठिकाणी बघायचं : सहप्रायोजकांची यादी तारखांसकट, 'काँग्रेशनल रेकॉर्ड' या सभागृहाच्या कामकाजाच्या अधिकृत नोंदीतली त्या दिवशीची हरकतींची नोंद, आणि सिनेटरच्या ऑफिसातून आलेलं पत्र. तिन्हीकडे काही नसेल तर रकान्यात 'गप्प' लिहायचं. माझ्या वहीत 'नाही'पेक्षा 'गप्प' जास्त वेळा आलंय.

उलटही होतं. ३१ मार्च २०२५ च्या संध्याकाळी बुकर बोलायला उभे राहिले ते २५ तास ५ मिनिटं बोलत राहिले, सिनेटर स्ट्रॉम थरमंड यांचा १९५७ चा लांब भाषणाचा विक्रम मोडला. धाकटी शाळेतून येऊन बघते तर माणूस तोच, टाय तोच. घरात सगळे भारावलेले. रात्री मी वही काढली आणि अडले, की घालू कुठल्या रकान्यात? कुठलंही बिल त्याने थांबलं नव्हतं, कुठलं पुढेही गेलं नव्हतं. शेवटी 'शेरा'मध्ये लिहिलं.

फोन

कॅपिटॉलचा, म्हणजे संसद भवनाचा, नंबर २०२-२२४-३१२१. सिनेटरचं नाव सांगा, ते जोडून देतात. उचलणारा बहुधा विशीतला पोरगा असतो. त्याच्यावर भाषण झाडू नका. नाव, गाव, झिप कोड, बिलाचा नंबर आणि एकच प्रश्न : सिनेटरची या बिलावर भूमिका काय आहे, आणि नसेल तर का नाही? तो म्हणतो, 'मी कळवतो.' तारीख लिहा. लेखी उत्तर मागा. काही आठवड्यांनी पत्र येतं. पहिल्या परिच्छेदात तुमचे आभार, शेवटच्यात पुन्हा आभार. मधल्यात सिनेटरने काय केलं याचं एखादं वाक्य असेल तर वहीत उतरवा. नसेल तर 'साखर'.

खतावणी मी तीन महिन्यांनी करते, एफईसीचे तिमाही हिशेब आले की. १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबर, ३१ जानेवारी. एका बैठकीला तास-दीड तास. रोज बातम्यांच्या मागे धावायची गरज नाही. सहा वर्षांची कारकीर्द असते, तेवढ्यात चौथीतलं पोर दहावीत जातं. किम यांचं पान २०३० पर्यंत चालायचंय, बुकर यांची जागा मात्र २०२६ च्या नोव्हेंबरात मतदानाला येते.

पाडव्याला वहीपूजन करते. इथलं मतदान नेहमी दिवाळीच्या आगेमागे येतं. २०२४ ला पाडवा २ नोव्हेंबरला होता, मतदान ५ ला. हळदकुंकू वाहिलं, पान उलटलं आणि जुन्या पानावरची न मिटलेली वाक्यं नव्यावर ओढली. सासऱ्यांच्या हातची सवय, उधारी राहिलेल्या गिऱ्हाइकाचं नाव सगळ्यात वर. किम यांच्या नव्या पानावर वर काहीच नव्हतं. बुकर यांच्या पानावर पहिली ओळ : 'ग्रीन कार्ड, सात टक्के. मागील बाकी, २०२० पासून.'